दारात प्रसादाची वाटी आली की: ख्रिस्ती तरुणांसाठी काही पायऱ्या

गणपतीचे दिवस होते. त्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. संध्याकाळी समोरच्या काकू स्टीलची वाटी घेऊन दारात आल्या. वाटीत दोन उकडीचे मोदक, वर उपडी घातलेली छोटी ताटली, कडेला तुपाचा ओघळ. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने हात पुढे केला आणि मी आतूनच म्हणाले, "घेऊ नकोस, आपण ते खात नाही." काकूंनी वाटी छातीशी धरली. "बरं बरं, राहू दे," म्हणाल्या आणि गेल्या. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा याच काकूंनी पंधरा दिवस डबा पुरवला होता. त्यानंतर जिन्यात भेटल्या की बोलायच्या, पण आमच्या दाराची कडी त्यांनी कितीतरी दिवस वाजवली नाही.

मी विश्वास राखला असं मला त्या रात्री वाटलं होतं. आज वाटतं, मी वाटीकडे पाहिलं आणि ती धरणाऱ्या बाईकडे पाहायचं राहून गेलं.

आमच्या नगरच्या मंडळीतली पोरं दर जूनला पुण्या-मुंबईला शिकायला, नोकरीला जातात. जाण्याआधी तरुण संघात येऊन विचारतात: होस्टेलवर आरतीला उभं राहायचं का, ऑफिसातल्या पूजेचं काय, ग्रुपवर कुणी आपल्या धर्मावर काही टाकलं तर काय लिहायचं. नुकताच बाप्तिस्मा घेतलेले लोकही हेच विचारतात, आणि त्यांना तर घरातच उत्तर द्यावं लागतं. त्यांना जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: प्रश्न वहीत लिहा, आणि खाली माणसांची नावं लिहा

"आजकालची संस्कृती बिघडली आहे" हा प्रश्न नव्हे, ती तक्रार आहे. तिच्यावर काही करता येत नाही. "सोमवारी ऑफिसात सत्यनारायण आहे आणि साहेबांनी मला पूजेचं सामान आणायला सांगितलं आहे" हा प्रश्न. तो एका वाक्यात लिहा. त्याखाली या प्रसंगात कोण कोण आहे त्यांची नावं लिहा: साहेब, शेजारी बसणारी मैत्रीण, तुमच्याच मंडळीतला तो नवा मुलगा जो याच कंपनीत लागला आहे. वही खरंच घ्या. मनात विचार केला की माणसं निसटतात आणि तत्त्व तेवढं उरतं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ वाचा. पौल अथेन्सला आला, शहरभर मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला. पण अरीयपगात, म्हणजे अथेन्सच्या सभेच्या जागी, बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने सांगितलं की मी तुमची पूजास्थानं फिरून नीट पाहिली, "अज्ञात देवाला" असं लिहिलेली एक वेदीही पाहिली. पुढे त्याने त्यांच्याच कवींची ओळ त्यांना ऐकवली. तळमळ होतीच, तरी त्या तळमळीत तो पायी हिंडला, शिलालेख वाचले, कविता त्याला पाठ होत्या. ज्या गणेशोत्सवाबद्दल, ज्या वेबसिरीजबद्दल, ज्या विचाराबद्दल तुम्हाला बोलायचं आहे, त्याची माहिती आधी अशी स्वतः करून घ्या.

दुसरी पायरी: वचन नको, अख्खा अध्याय वाचा

आपल्याकडे एक वाईट सवय आहे. प्रश्न आला की एक वचन काढायचं आणि समोरच्यापुढे ठेवायचं. प्रसादाच्या प्रश्नावर एकजण "मूर्तिपूजेपासून दूर पळा" म्हणतो, दुसरा "मूर्ती म्हणजे काहीच नाही" म्हणतो. दोन्ही वचनं पौलाचीच आणि दोन्ही एकाच पत्रातली, करिंथकरांस पहिलं पत्र. म्हणून अध्याय ८ ते १० एका बैठकीत वाचा. अर्धा तास पुरतो.

करिंथमध्ये देवळात बळी दिलेल्या प्राण्यांचं मांस बाजारात विकायला यायचं. तेव्हा नव्या ख्रिस्ती लोकांना प्रश्न पडला: खायचं की नाही? पौल त्याला एकच उत्तर देत नाही. देवळात बसून त्या देवाच्या भोजनात भागीदार व्हायचं का? तिथे तो स्पष्ट नाही म्हणतो, प्रभूच्या मेजावर आणि त्या मेजावर दोन्हीकडे बसता येत नाही. बाजारातलं मांस? घ्या, चौकशी करत बसू नका. विश्वास न ठेवणाऱ्या मित्राने घरी जेवायला बोलावलं तर? जा, वाढतील ते खा. पण तिथे कुणी सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. आठव्या अध्यायात तो आणखी पुढे जातो: माझ्या खाण्याने भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही.

पदार्थ तोच आहे. जागा बदलली, पंक्तीला बसलेलं माणूस बदललं, की पौलाचं उत्तर बदलतं. माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा हाच आहे आणि बाकीच्या पायऱ्या याच्याच आहेत.

मग मोदकाचं काय? माझं मत सांगते. तुमच्या घरी कालपरवापर्यंत देव्हारा होता, तुम्ही नुकतेच बाहेर आला आहात, प्रसाद हातात घेतला की जुनी भीती, जुने नवस मनात उठतात, तर खाऊ नका. तुमच्या पंक्तीला असं कुणी असेल तर त्याच्यासाठी खाऊ नका. आमच्या मंडळीत खाणारे आहेत आणि न खाणारेही आहेत, आणि दोघं एकाच प्रभुभोजनाला येतात. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय नेमका यासाठी आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये.

नाही म्हणायचं ठरलं तरी वाटी दोन्ही हातांनी घ्या. "काकू, आत या ना" म्हणा. पाणी द्या, खुर्ची द्या. मग सांगा: "आमच्यात आम्ही पूजेतलं घेत नाही, राग मानू नका. तुम्ही आठवणीने आलात याचं फार बरं वाटलं." आणि आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत, हे विसरू नका. घरात असेल ते, दोन केळी का होईना, त्यात घालून द्या.

तिसरी पायरी: कशाला हो म्हणता येईल ते आधी शोधा

दानीएलाची गोष्ट शब्बाथशाळेत आपण सिंहांच्या गुहेपासून सांगतो. पहिला अध्याय राहून जातो आणि ऑफिसात जाणाऱ्याला तोच जास्त उपयोगी आहे. दानीएलाने बाबेलची भाषा शिकली, बाबेलचं साहित्य अभ्यासलं, बाबेलचं नावही त्याला पडलं, बेलटशस्सर. राजाच्या नोकरीत तो राहिला. अडला तो एका ठिकाणी, राजाच्या मेजावरच्या अन्नापाशी. आणि तिथेही त्याने विनंती केली. मुख्य अधिकारी घाबरला की राजा माझं डोकं उडवेल. ती भीती ऐकून दानीएलाने दहा दिवसांची चाचणी सुचवली, म्हणजे त्या माणसावर काही येणार नाही.

सत्यनारायणाच्या दिवशी ऐनवेळी "मी नाही करणार" म्हणणं वेगळं, आणि आधीच्या आठवड्यात साहेबांना एकट्याला गाठून सांगणं वेगळं. "सर, पूजेला मी बसत नाही, पण खुर्च्या, चहा, पाहुण्यांची व्यवस्था मी बघतो." आमच्या संघातल्या एका मुलाने पुण्यात अगदी असंच केलं. त्याच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तुमच्या नाताळला ऑफिसात काही करायचं का?

न्यायालयातलंही एक उदाहरण मी मुलांना सांगते. केरळमधली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार या पंथाची, शाळेत राष्ट्रगीताला उभी राहत पण गात नसत. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. ती मुलं आदराने उभी राहत होती, या गोष्टीला निकालात वजन मिळालं. मी स्वतः राष्ट्रगीत पोटातून म्हणते आणि त्यात मला काहीच अडचण दिसत नाही. पण नाही म्हणायची वेळ आलीच तर ते उभं राहून म्हणावं, हे त्या पोरांकडून शिकण्यासारखं आहे.

चौथी पायरी: आपली माणसं या वाटेने गेली आहेत, त्यांना विचारा

बरीच मुलं समजतात की ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रजी गाणी, गिटार आणि कोट. त्यांना मी १६१६ साल सांगते. त्या वर्षी गोव्यात राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत. हा माणूस मूळचा इंग्लंडचा. त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला प्रसंग आहे: गोव्यातल्या साष्टीतला एक नवा ख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की आमची जुनी पुराणं गेली, आता आम्ही वाचायचं काय? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे पुराण आलं. म्हणजे एका नव्या माणसाने प्रश्न विचारला म्हणून आपल्याला हे धन मिळालं.

पण पूर्ण सांगायचं तर हेही सांगायला हवं की त्याच साष्टीत १५६७ मध्ये देवळं पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने चौकशी आणि शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. कुणी हे तोंडावर फेकलं तर खोटं म्हणू नका, "आम्ही प्रोटेस्टंट, तो कॅथलिकांचा प्रश्न" म्हणून अंगही काढून घेऊ नका. "हो, झालं, ते पाप होतं" एवढं साधं वाक्य म्हणता आलं पाहिजे.

मग रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, आणि आजही रविवारच्या उपासनेत आपण ती टाळ-पेटीवर म्हणतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तिथल्या मठातल्या भगिनींवर त्यांचं प्रेम होतं, तरीही जेवण शाकाहारीच ठेवलं, आणि क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असा वाद त्यांच्याशी घातला. प्रेमाच्या माणसाशीही विचारपूर्वक भांडता येतं. आपल्याकडच्या लग्नात काळ्या मण्यांच्या मंगळसूत्रात क्रूस ओवतात ना? कुणीतरी कधीतरी बसून विचार केला असेल, काय ठेवायचं, काय बदलायचं. तुमच्या घरातल्या अशा दोन-तीन गोष्टी आजीला विचारून त्याच वहीत उतरवा.

पाचवी पायरी: फोन खाली ठेवा

१८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद चालत. प्रश्न एकाचा, उत्तर दुसऱ्याचं, भोवती गर्दी. आजचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे तोच किनारा. गर्दीसमोर हरणं कुणाला परवडत नाही, म्हणून कुणी ऐकत नाही. ग्रुपवर कुणी टोचलं तर ग्रुपवर उत्तर देऊ नका. त्या माणसाला फोन करा, जमलं तर भेटा. दोन दिवस थांबलात तरी काही बिघडत नाही.

आणि चर्च जाळल्याचा, पाळकांना मारल्याचा व्हिडिओ आला की पुढे ढकलण्याआधी त्यातलं एक चित्र गूगल लेन्सवर टाकून बघा. कितीदा तरी तो दुसऱ्याच देशातला, जुना निघतो. खऱ्या घटना घडतात आणि म्हणूनच खोट्या फिरवणं हा खरं सोसणाऱ्यांवर अन्याय आहे. मुसलमानांबद्दल, हिंदूंबद्दल आलेल्या गोष्टीलाही हाच नियम. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण नववी मोजतो, कॅथलिक बांधव आठवी, पण दोघांच्याही पाटीवर ती आहेच.

सहावी पायरी: बाहेर बोट दाखवण्याआधी घरात बघा

इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपण सर्वात कमी बोलतो.

आजार. प्रार्थनासभेत कुणी सांगतं, विश्वास ठेव, गोळ्या सोड. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी अशा सभेनंतर इन्सुलिन बंद केलं. चौथ्या दिवशी शुद्ध हरपली, वेळेवर नेलं म्हणून वाचल्या. त्या रात्री त्यांच्या उशाशी बसले होते. सलाइनची सुई टोचलेल्या हाताने त्या माझं बोट धरून पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "माझाच विश्वास कमी पडला का?" शरीराच्या दुखण्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं. लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं, तिथे प्रार्थनाही होती आणि शस्त्रक्रियाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो आपल्या सभांनाही लागू आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा आणि त्याच हाताने रिक्षा बोलवा. मंडळीत कुणी औषध बंद करायला सांगत असेल तर पाळकसाहेबांकडे जा आणि स्पष्ट बोला, वयाने लहान असलात तरी.

जात. गलतीकरांस पत्रातलं "यहूदी नाही, हेल्लेणी नाही" आपण तोंडपाठ म्हणतो आणि मुलीचं स्थळ बघताना "आपल्यातलेच ना?" असं हळूच विचारतो. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांना सोवळं-ओवळं सोडायला वर्षं लागली, आणि ते त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना जे अवघड गेलं ते आपल्याला आपोआप जमलंय असं समजू नका. बाहेर समानतेवर बोलण्याआधी तुमच्या चर्चमधल्या कमिटीत कोण बसतं, भांडी कोण घासतं, हे एका रविवारी पाहून या.

आणि कागद. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. त्यामुळे मराठवाड्यात, आमच्या जिल्ह्यातही, कितीतरी घरं दाखल्यावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती असतात. नव्या उत्साहात अशा कुणाला "खोटा ख्रिस्ती" म्हणू नका. त्या घरातल्या मुलाची फी कुठून आली, हे आधी विचारा. खरं बोलायचं ओझं एकट्या त्या बापावर टाकून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. मंडळीने फीचा निधी उभा केला तर त्या बापाशी खरेपणावर बोलायचा आपल्याला हक्क पोचेल.

सातवी पायरी: "तुम्ही धर्मांतर करता का?" याला उत्तर तयार ठेवा

हा प्रश्न येणार. राज्यघटनेचं कलम २५ वाचून ठेवा. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानणं, आचरणं, त्याचा प्रचार करणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. तुम्ही ज्या राज्यात राहता तिथला कायदा माहितगार वकिलाकडून समजून घ्या, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

पण शेजाऱ्याने विचारलं तर त्याला कलम ऐकवू नका. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय आणि लगेच सौम्यतेने व आदराने असंही म्हटलंय. माझं उत्तर असं असतं: "मला ज्याच्यामुळे जगण्याला आधार मिळाला ते मी विचारणाऱ्याला सांगते. कुणाला पैसे, भीती, आमिष दाखवलं तर ते माझ्या प्रभूलाच चालणार नाही." आणि मग मी त्याला त्याच्या श्रद्धेबद्दल विचारते, आणि ऐकते.

बोलण्याइतकंच करणंही लागतं. यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलं की घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा (अध्याय २९). वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ख्रिस्ती धर्मगुरू होते, आणि वसईचं पाणी आणि झाडं वाचवायला हरित वसईच्या चळवळीत उतरले तेव्हा ती लढाई सगळ्या वसईकरांची होती. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवडीला विरोध झाला, तरी ते गेले आणि मराठीतच, मराठीबद्दल बोलले. तुमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीच्या मिटिंगला जा. वर्गणीच्या पावतीवर "मूर्तीसाठी नको, रक्तदान शिबिरासाठी घ्या" असं म्हणता येतं, मंडळाची पोरं आनंदाने घेतात.

चुकलात तर

चुकणार. मी काकूंकडे जायला तीन महिने लावले. नाताळच्या आधी करंज्या, शंकरपाळी केली, डबा भरला आणि मुलीला घेऊन गेले. दारातच म्हणाले, "काकू, गणपतीत मी नीट वागले नाही." त्यांनी डबा घेतला, मुलीला आत ओढलं आणि म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुम्हाला आमच्या हातचं चालत नाही." मी धर्माबद्दल बोलले होते, त्यांना ऐकू आला होता विटाळ. या राज्यात "तुमच्या हातचं नको" या वाक्याला किती जुनी जखम आहे हे मला, एका ख्रिस्ती बाईला, आधी कळायला हवं होतं.

सुरुवात कशी करायची

एकट्याने नको. चौघं जमवा, त्यात एक तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असू दे. महिन्यातून एक संध्याकाळ, दीड तास. प्रत्येकाने वहीतला एकच प्रश्न आणायचा, एकच निवडायचा. अर्धा तास त्या प्रश्नातल्या माणसांबद्दल बोला, अर्धा तास अख्खा अध्याय वाचा, उरलेल्या वेळात पुढच्या आठवड्यात नेमकं कोण काय करणार ते तारखेसह लिहा. पुढच्या महिन्यात आधी ते झालं का हे विचारायचं आणि मगच नवा प्रश्न घ्यायचा. पहिल्या बैठकीला करिंथकरांस पहिल्या पत्राचे अध्याय ८ ते १० घ्या. चहा मात्र आधी ठेवा, तिन्ही अध्याय मोठ्याने वाचायला वेळ लागतो.